पोकळीचे मोजमाप

आपल्याकडे 'मला सायनस आहे' असे सर्रास म्हटले जाते. ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. डोके जड होणे, गाल ठणकणे, नाक चोंदणे, सर्दी महिनोन् महिने न हटणे, या सगळ्याला मिळून मराठीने 'सायनस' हे एक नाव देऊन टाकले आहे. वास्तविक सायनस हा रोग नव्हे, तो शरीराचा एक भाग आहे. आणि भाग तरी कसला, तर हवेने भरलेली पोकळी. मराठी परिभाषेत तिला नासाकोटर म्हणतात. गालांच्या हाडांत दोन, कपाळात बहुधा दोन, डोळ्यांच्या मधोमध मधमाशीच्या पोळ्यासारखा लहान घरांचा जुडगा, आणि पार मागे मेंदूच्या तळाशी आणखी दोन, असा हा सगळा संसार. तो रोग्यालाही असतो आणि निरोग्यालाही. तरीही आपण अवयवाच्याच नावाने रोग ओळखतो, आणि या साध्या गफलतीतच प्रस्तुत लेखाचा विषय दडलेला आहे असे आम्हांस वाटते. शरीरातील एखादे वेगळेपण निव्वळ वेगळेपण कुठवर असते, आणि कोणत्या क्षणी आपण त्याला दोष म्हणू लागतो? नासाकोटरांच्या मोजमापाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या प्रश्नाचा इतिहास आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. लॅटिन भाषेत 'सायनस' म्हणजे घडी, खोलगट वळण, उपसागर, वस्त्राच्या घडीने छातीशी होणारा खोळा. शरीरशास्त्रज्ञांनी तो पोकळीसाठी घेतला. पण हाच शब्द गणितातही आहे, आणि तिथे तो आपल्याकडून गेलेला आहे. आर्यभटादी गणितींची 'ज्या' किंवा 'जीवा' अरबी ग्रंथांत 'जीब' झाली. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत; त्यामुळे पुढच्या वाचकांनी ती अक्षरे 'जैब' अशी वाचली. जैब म्हणजे वस्त्राचा खोळा. आपली 'जेब' त्यातूनच आली. बाराव्या शतकात या ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली तेव्हा भाषांतरकारांनी खोळ्याला सरळ 'सायनस' हा प्रतिशब्द वापरला. आज शाळकरी मुले 'साइन थीटा' म्हणतात ती ही ज्या. शरीरातली पोकळी आणि त्रिकोणमितीतली ज्या एकाच लॅटिन शब्दात अशा योगायोगाने येऊन बसल्या. पुढे विसाव्या शतकात त्यांची पुन्हा एकदा गाठ पडली, तीही अगदी कामाच्या ठिकाणी. तो भाग यथाक्रम येईलच.

कोटरांचे पहिले विश्वसनीय चित्रण लिओनार्दो दा विंचीचे. १४८९ सालच्या त्याच्या कवटीच्या रेखाटनांत चेहऱ्याची एक बाजू कापून गालातले व कपाळातले कोटर स्पष्ट दाखवले आहे. पण ही रेखाटने कित्येक शतके छापलीच गेली नाहीत, त्यामुळे विद्येच्या प्रवाहात त्यांचा उपयोग शून्य. गालातल्या कोटराला पुढे नाव मिळाले ते इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात वैद्यकी करणाऱ्या नॅथॅनिएल हायमोर यांचे. १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शरीररचनेवरील ग्रंथात एका बाईची हकिगत आहे. सुळा उपटल्यावर तिच्या हिरडीतून सतत स्राव वाहू लागला. तिने त्या भोकात आधी चांदीची सळई घालून पाहिली, नंतर पिसे काढलेला पिसाचा दांडा. तो इतका आत गेला की थेट मेंदूपर्यंत पोचला असेल या कल्पनेने ती घाबरून गेली. हायमोर यांनी तिला ती पोकळी सगळ्यांनाच असते हे समजावले. आपल्या दृष्टीने या हकिगतीत दोन गोष्टी आहेत. एक, कोटराची खोली मोजण्याचा हा बहुधा पहिलाच नोंदलेला प्रयत्न, आणि तोही रुग्णाने स्वतः केलेला. दुसरी, त्या मापाचा अर्थ ठाऊक नसल्याने निर्माण झालेली भीती. माप आहे पण 'किती म्हणजे स्वाभाविक' हे माहीत नाही, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

'किती म्हणजे स्वाभाविक' हे ठरवायचे तर एक कवटी पुरत नाही, शेकडो लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम नेटाने केले ते एमिल झुकरकांडल यांनी. नासिकागुहा आणि तिची हवेची उपांगे यांच्या निरोगी व रोगट रचनेवरील त्यांचा ग्रंथ १८८२ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झाला. पुढे १९२० साली फिलाडेल्फियाच्या जे. पार्सन्स शेफर यांनी नाक व कोटरांवर असाच विस्तृत ग्रंथ लिहिला. कवट्या उभ्या-आडव्या कापून केलेल्या या अभ्यासांतून एक गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्पष्ट झाली, ती म्हणजे शरीराच्या फार थोड्या भागांत इतकी विविधता आढळते. कपाळातले कोटर काहींना नसतेच, काहींना एकाच बाजूस असते, काहींचे भुवईच्या वर पंख्यासारखे पसरलेले असते. डावे-उजवे परस्परांपासून स्वतंत्र वाढतात, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन बाजूही जुळत नाहीत.

याच दशकांत आपल्या देशात नाकाचे वेगळेच मोजमाप चालू होते, आणि त्याचा उल्लेख टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. हर्बर्ट रिस्ले या सनदी अधिकाऱ्याने बंगालमधील जातीजमातींची मोजणी करताना नासिकांक, म्हणजे नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले शेकडा प्रमाण, ही मुख्य कसोटी मानली. नाक जितके रुंद तितका जातीचा सामाजिक दर्जा खालचा, असा नियमच त्याने १८९१ च्या सुमारास मांडला. हेच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. या सिद्धान्ताची चिरफाड करणाऱ्यांत मराठी माणसे अग्रभागी होती. मुंबई विद्यापीठाचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात प्रांतवार आकडे मांडून दाखवले की उत्तरेतील एक भाग सोडला तर नाकाचे माप आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हेच नासिकांक वापरून अस्पृश्यांचा वंश निराळा असल्याचे मत खोडून काढले. ज्या मोजपट्टीने माणसांना उतरंडीत बसवले होते तीच त्यांनी साक्षीला उभी केली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३३ साली रिस्लेच्या आकडेवारीची फेरतपासणी केली. मानवी मापांवरील अशाच कामातून १९३६ सालचे त्यांचे सुप्रसिद्ध 'अंतर' हे संख्याशास्त्रीय माप सिद्ध झाले.

झुकरकांडल आणि रिस्ले दोघेही नाकेच मोजत होते. मग फरक कोणता? रिस्लेला सरासरी हवी होती, कारण सरासरीवरून त्याला गट पाडायचे होते. गटातल्या गटात असलेला फरक त्याच्या लेखी अडथळा होता. शवविच्छेदकाला मात्र फरकच हवा होता, कारण उद्या सुरीखाली येणारे डोके सरासरीचे नसते. मोजमापाच्या इतिहासात हे दोन स्वभाव सतत शेजारी नांदत आले आहेत.

१८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्षकिरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाची कोटरे पाहणे प्रथमच शक्य झाले. हाड किरणांना अडवते, हवा अडवत नाही. साहजिकच हवेने भरलेली कोटरे छायाचित्रावर काळी उठून दिसतात, आणि पू भरला की धुरकटतात. पण चेहऱ्यात हाडांवर हाडे आहेत आणि क्षकिरण-चित्र ही अखेर सावली आहे. पुढची-मागची सगळी हाडे एकाच कागदावर येऊन पडतात. उपाय म्हणून डोके कोणत्या कोनात ठेवावे याचे शास्त्र तयार झाले. कपाळ व नाक पट्टीला टेकवून किरण तिरपे सोडण्याची रीत न्यूयॉर्कच्या यूजीन कॉल्डवेल यांच्या नावाने ओळखली जाते. हनुवटी टेकवून मान उचलली की कानामागची दाट हाडे खाली सरकतात आणि गालातली कोटरे मोकळी दिसतात, ही वॉटर्स यांची १९१५ सालची रीत. गेल्या पिढीतील पुष्कळ मराठी घरांतल्या कपाटात तपकिरी पाकिटात जपून ठेवलेला 'सायनसचा एक्सरे' असतो तो बहुधा याच रीतीने काढलेला. कॉल्डवेल स्वतः १९१८ साली वारले, क्षकिरणांनी झालेल्या इजांमुळे. सावली मोजण्याची किंमत आरंभीच्या मोजणाऱ्यांनी देहाने चुकवली आहे.

या सावलीतूनच एक अनपेक्षित उपयोग निघाला. १९२१ साली व्हिएन्नाच्या आर्टुर श्यूलर यांनी सुचवले की कपाळातल्या कोटराची बाह्यरेषा माणसागणिक इतकी वेगळी असते की तिच्यावरून कवटीची ओळख पटवता यावी. १९२७ साली कल्बर्ट आणि लॉ या अमेरिकन डॉक्टरांनी हे प्रत्यक्षात उतरवले, आणि ते प्रकरण हिंदुस्थानाशी जोडलेले आहे. येथे मृत्यू पावलेल्या एका अमेरिकन माणसाच्या अवशेषांची क्षकिरण-चित्रे त्याच्या हयातीत काढलेल्या जुन्या चित्रांशी ताडून त्यांनी ओळख निश्चित केली. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतही हे कोटर वेगवेगळे असल्याची निरीक्षणे आहेत. वैद्याला जे वेगळेपण शस्त्रक्रियेत अडचणीचे वाटत होते, तेच येथे माणसाचे नाव ठरले.

सावलीकडून छेदाकडे जायला मात्र आणखी अर्धे शतक लागले. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले संगणकीय छेदचित्र घेतले. ते ८० गुणिले ८० चौकटींचे होते. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना मिळून मिळाले. सीटी स्कॅनचे तत्त्व असे. शरीराभोवती फिरत अनेक कोनांतून सावल्या घ्यायच्या आणि गणिताने उलट जात, अशा सावल्या पडण्यासाठी आत काय असायला हवे ते शोधायचे. यंत्र फिरताना शरीरातला प्रत्येक बिंदू नोंदीच्या कागदावर ज्येचा नागमोडी वक्र काढतो, म्हणून त्या कच्च्या नोंदीला 'सायनोग्राम' म्हणतात. कोटराचे चित्र ज्यांच्या वक्रांतून उभे राहते! आर्यभटाची ज्या आणि हायमोर यांची पोकळी येथे भेटतात असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. शिवाय हाउन्सफील्ड यांच्या मोजपट्टीवर पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० असा आकडा असतो. म्हणजे पोकळीलाही आता स्वतःचा अंक मिळाला.

याच सुमारास ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे वाल्टर मेसरक्लिंगर दुर्बिणीतून नाकाच्या आत पाहत होते. कोटरातला स्राव ठराविक वाटेनेच बाहेर पडतो आणि पुष्कळ रोग कोटरात नसून त्या अरुंद वाटेवरच्या अडथळ्यात असतो, हे त्यांचे निरीक्षण. हाइन्झ श्टामबर्गर व डेव्हिड केनेडी यांनी १९८० च्या दशकात ही दृष्टी आणि त्यावर आधारलेली शस्त्रक्रिया जगभर नेली. पण दुर्बिणीतून शस्त्र चालवणाऱ्याला समोरच्या भिंतीपलीकडे काय आहे ते दिसत नाही. डोळा एका कागदी हाडापलीकडे, मेंदू दुसऱ्या. त्यासाठी नकाशा हवा. बाल्टिमोरच्या जेम्स झिनराइख यांनी १९८७ साली, शस्त्रवैद्याला उपयोगी पडेल असा छेद कसा घ्यावा ते मांडले, आणि सीटी हा त्या शस्त्रक्रियेचा नकाशा झाला.

नकाशा हाती आल्यावर जुनी मापे नव्याने जिवंत झाली. १९६२ साली क्रोएशियाच्या प्रेद्राग केरोस यांनी कवट्यांवर, गंधनाड्या ज्या खोबणीत बसतात तिची खोली मोजून तीन वर्ग पाडले होते : १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७ मिलिमीटर आणि ८ ते १६ मिलिमीटर. त्यांच्या कवट्यांत अनुक्रमे १२, ७० व १८ टक्के असे प्रमाण होते. खोबण जितकी खोल तितकी तिची बाजूची भिंत उंच, आणि ही भिंत जागोजागी मिलिमीटरच्या दशांशाइतकी पातळ. तिला धक्का लागला की मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळू लागते. कवट्यांच्या कपाटातले हे माप आता प्रत्येक शस्त्रक्रियेआधी पडद्यावर मोजले जाऊ लागले. येथे वेगळेपण जाणून घेण्याने माणूस वाचतो, हे निर्विवाद आहे.

तथापि मोजण्याचे साधन मिळाले की दिसेल ते मोजण्याचा, आणि मोजले ते दोष मानण्याचा मोह होतोच. नाकातील मधल्या शुक्तिकेत हवा शिरून ती फुगलेली असली तर तिला 'कॉन्का बुलोसा' म्हणतात. डोळ्याखालच्या एका जादा घराला हालर यांचे, मागच्या एका घराला ओनोदी यांचे नाव होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय परिभाषेने ही व्यक्तिनामे बाजूला ठेवून स्थानवाचक नावे सुचवली. या वेगळेपणांना डोकेदुखीचे, सर्दीचे कारण ठरवून त्यांच्यावर शस्त्र चालवण्याकडे कल वाढत होता. अशा वेळी १९९१ साली विल्यम बोल्जर व सहकाऱ्यांनी २०२ रुग्णांची छेदचित्रे तपासली. त्यांतील सुमारे ६५ टक्क्यांत कोणते ना कोणते वेगळेपण होते. हवा भरलेली मधली शुक्तिका ५३ टक्क्यांत होती. आणि मुख्य मुद्दा असा की कोटरांच्या तक्रारीसाठी आलेल्यांत आणि दुसऱ्याच कारणासाठी छेदचित्र काढलेल्यांत या वेगळेपणांचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले.

त्याआधी १९८८ साली हावास व सहकाऱ्यांनी ६६६ रुग्णांची अशी चित्रे पाहिली होती की जी कोटरांसाठी काढलेलीच नव्हती, त्यांतील ४२.५ टक्क्यांच्या कोटरांत अस्तराचे काहीतरी 'बिघाड' दिसले. लुंड व मॅकाय यांच्या १९९३ च्या गुणपद्धतीत २४ पैकी गुण देतात, शून्य म्हणजे स्वच्छ. २००१ साली अश्रफ व भट्टाचार्य यांनी दाखवले की कोटरांची तक्रार नसलेल्यांचीही सरासरी चाराच्या वर जाते. नाकाच्या पडद्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. लिंडसे ग्रे यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,११२ प्रौढ कवट्यांपैकी केवळ २१ टक्क्यांत पडदा सरळ आढळला. आपल्याकडे 'नाकाचे हाड वाकडे आहे' हे वाक्य निदानासारखे उच्चारले जाते. पण पाचांतले चार वाकडे असतील तर अपवाद कोणता म्हणायचा? पडदा वाकडा असून श्वास कोंडत असेल तर उपचार जरूर व्हावा. पण तो श्वासासाठी व्हावा, वाकडेपणासाठी नव्हे.

मोजणाऱ्यांतही एकमत नाही, हे येथे सांगायला हवे. फुगलेल्या शुक्तिकेचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत १४ टक्क्यांपासून ५३ टक्क्यांपर्यंत आढळते. माणसांच्या नाकांत एवढी तफावत आहे असा त्याचा अर्थ नसून बराचसा फरक व्याख्येचा आहे. हवेचा लहानसा कप्पा दिसला तरी मोजायचा की निम्मी शुक्तिका फुगलेली हवी? छेदाची जाडीही महत्त्वाची. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या छेदात मिलिमीटरच्या दशांशाचे हाड शेजारच्या हवेत मिसळून पुसट होते. कोटराचे घनफळ काढताना हवा कुठे संपते आणि अस्तर कुठे सुरू होते याची सीमा कोणत्या अंकावर मानायची, हे माणूसच ठरवतो. यंत्राचा आकडा निःपक्षपाती वाटतो, पण त्याच्या तळाशी माणसाने घेतलेला निर्णय असतोच.

न्यायालयाने हाच प्रश्न निराळ्या भाषेत विचारला. १९९३ च्या डॉबर्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शास्त्रीय पुराव्यासाठी, पद्धत तपासून पाहिली आहे का आणि तिच्या चुकीचे प्रमाण किती, अशा कसोट्या घातल्या. कपाळातल्या कोटरावरून ओळख पटवण्याची रीत तोवर सत्तर वर्षे जुनी झाली होती, पण 'दोन आकृत्या जुळतात' हे तज्ज्ञाच्या नजरेवर सोडलेले होते. २००५ साली अँजी ख्रिस्तेन्सन यांनी त्या बाह्यरेषांचे गणिती रूपांतर करून ही विविधता संख्येत तपासली. त्या गणिताच्या मुळाशीही ज्येचेच वक्र आहेत. भूतकाळाबाबतही अशीच दुरुस्ती झाली. निअँडरथल मानवाची मोठी कोटरे थंड हवामानाचे फळ आहे, हे मत पाठ्यपुस्तकांत रूढ होते. २०११ साली रे, कोप व स्ट्रिंगर यांनी क्षकिरण-चित्रे व छेदचित्रे घेऊन दाखवले की चेहऱ्याच्या आकाराच्या मानाने ती काही विशेष मोठी नाहीत.

आज अशा मोजमापांचे शेकडो निबंध प्रसिद्ध होतात, भारतातूनही. त्यांच्या शीर्षकांत बहुधा 'भारतीय लोकसंख्येतील' असे शब्द असतात, आणि आत पाहावे तर एका शहरातल्या एका रुग्णालयात छेदचित्रासाठी आलेले शे-दोनशे रुग्ण. त्या शस्त्रवैद्यांचा हेतू रिस्लेचा नाही, हे आम्ही जाणतो. त्यांना आपल्या टेबलावरच्या माणसाचा जीव सांभाळायचा आहे. परंतु सरासरीला देशाचे वा समाजाचे नाव जोडण्याची सवय जुनी आहे, आणि ती कोणत्या वाटेने गेली होती हे महाराष्ट्राला तरी विसरता येणार नाही. घुर्ये आणि आंबेडकर यांनी मोजमाप नाकारले नव्हते. त्यांनी ते नीट वाचले होते.

शस्त्रवैद्य आज केरोस यांचा वर्ग पाहतो तो रुग्ण कोणत्या गटात बसतो एवढ्यासाठी नव्हे, तर या माणसाच्या या बाजूची भिंत किती मिलिमीटर उंच आहे हे जाणण्यासाठी. आणि उजवी मोजली म्हणून डावी गृहीत धरत नाही. मोजमापाचा हा सर्वांत सभ्य उपयोग असावा. 'मला सायनस आहे' असे पुन्हा कुणी म्हणेल तेव्हा ते वाक्य शब्दशः खरे आहे एवढे आपण लक्षात ठेवावे. तो सगळ्यांनाच आहे, फक्त कुणाचाही दुसऱ्यासारखा नाही.